डावीकडचा बांध

भातकापणी सुरू झाली की माझं डोकं फिरतं. घरात विचारा. बायको म्हणते, "कापणी उरकली की तुम्ही माणसात याल, तोवर मी काही बोलत नाही." आणि खरोखरच ती बोलत नाही. लोणावळ्याच्या बाजारात माझा दवाखाना आहे. या दिवसांत तो ओस पडतो, कारण आजारी पडायला कुणाला सवड नसते. येतात ते विळ्यानं बोट कापलेले, आणि तेही पट्टीची गाठ बसायच्या आत दाराकडे बघायला लागतात. मी खेकसतो. ते हसतात. डॉक्टर कार्तिकात खेकसतो हे आता औंढ्यापासून कार्ल्यापर्यंत सगळ्यांना माहीत झालं आहे.

सकाळी खिडकी उघडली की ओल्या पेंढ्याचा वास आत येतो, आंबेमोहराचा. पुण्याहून हवा खायला आलेली मंडळी या वासाची फार तारीफ करतात, छाती भरभरून घेतात. घेऊ देत. मला तो वास आला की आधी आठवतो घाम, मग तळपायाला टोचणारी कापल्या भाताची बुडखी, आणि मग एक माणूस, खाली मान घालून आपल्या पायाशी बघत उभा राहिलेला. तिथवर आलो की मी खिडकी लावून घेतो.

याच दिवसांत गुडघाही बोलायला लागतो. उजवा. त्याचं पुढं येईलच.

पोरवयात आमचं फुटबॉलचं मैदान म्हणजे भाताचं एक खाचर होतं. स्टेशनाजवळचं खरं मैदान रेल्वेच्या साहेब लोकांचं, तिथं आम्हाला तारेच्या बाहेरून बघायची मोकळीक होती. आम्ही अकरा जण. कुणाचा बाप टांगा हाकणारा, कुणाचा इंजिनाच्या शेडमध्ये, माझ्या अब्बांचं बाजारात लगाम, पट्टे आणि खोगिरं शिवायचं दुकान. जमीन होती ती फक्त औंढ्याच्या खंडूच्या घरी. खंडूचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, यांनी मैदानाची तोड काढली. मावळात सावड चालते, म्हणजे आज तुझ्या शेतात मी राबतो, उद्या माझ्या शेतात तू. आमच्याकडे शेतच नव्हतं, तर परतफेड कशाची करणार? आबा म्हणाले, "तुमी माजं भात कापा. मी तुमाला एक खाचर देतो, होळीपतुर. मग तितं नाचा न्हाईतर उड्या मारा."

कापणी झालेल्या खाचरात ओल असते, लोक त्यात हरभरा टाकतात, वाल टाकतात. आबांनी त्या एका खाचरात सात वर्षं काही टाकलं नाही. गावानं त्यांना येड्यात काढलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आम्हाला बैलांची फळी दिली, बुडखी दाबून टाकायला. फळी चार वेळा फिरवली तरी बुडखी टोचायचीच. त्यावर आम्ही अनवाणी खेळायचो, आणि घरी जाऊन तळपायाला तेल चोळत आईच्या शिव्या खायचो.

खंडू आमच्यात सगळ्यांत वेगवान. लहानपणी त्याचा डावा कान फुटला, वर्षानुवर्षं वाहिला, आणि वाहायचा थांबला तसा ऐकायचाही थांबला. गावात त्याला बहिराच म्हणायचे. आता फुटबॉलमध्ये ओरडण्याला फार महत्त्व असतं. मागून कोण आला, बॉल कुणाला द्यायचा, हे डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळावं लागतं. मी संघाचा कॅप्टन, मधल्या जागेवर खेळायचो, आणि ती युक्ती माझी होती, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. खंडूला मी अगदी डाव्या कडेला ठेवला. खाचराला चारी बाजूंनी बांध. कुठल्याही बाजूनं खेळा, डाव्या कडेनं पळणाऱ्याच्या डाव्या हाताला माणूस नसतो, नुसता बांध असतो. जे काही ओरडायचं ते त्याच्या उजवीकडून. असा तो बांधाला धरून पळायचा, आणि समोरच्या संघाला त्याच्यात काही उणं आहे हे शेवटपर्यंत कळायचं नाही.

कधी वारा उलटा असायचा, कधी गलका फार. तेव्हा उजव्या कानालाही काही पोचायचं नाही. मग मी वाकून एक ढेकूळ उचलायचो आणि त्याच्या पायापुढे टाकायचो. ढेकूळ फुटलं की खंडू मान वर करून माझ्याकडे बघायचा, आणि बाकीचं त्याला माझ्या तोंडावरून कळायचं. पळता पळता अडला की तो आपणहूनच पायाशी बघायचा, ढेकूळ आलं का म्हणून. बाहेरचे संघ तक्रार करायचे की हे लोणावळ्याचे लोक आपल्याच माणसाला ढेकळं मारतात. आम्ही खुलासा कधी केला नाही. बहिरा हा शब्द आमच्या संघात कुणी उच्चारला नाही, आणि तेही काही ठरवून नव्हे. गरजच पडली नाही.

बॉल एकच. तो उसवला की अब्बांकडे. ते खोगीर बाजूला ठेवून आधी बॉल हातात घ्यायचे आणि आधी शिव्या द्यायचे. "टांग्याचं घोडं वर्षात मारत नाही तेवढ्या लाथा तुम्ही एका दुपारी मारता. याला तेल पाजा रे, हे चामडं आहे, दगड नाही." पण टाके असे घालायचे की शिवण पायाला लागायची नाही. त्या दुकानातला चामड्याचा आणि मेणाचा वास माझ्या मनात भाताच्या वासाशी कायमचा मिसळून गेला आहे. एक आला की दुसरा येतोच.

पुढं मी पुण्याला कॉलेजात गेलो. कॉलेजनं मला बूट दिले. पहिला महिनाभर मी त्या बुटांत कुणाच्या तरी उसन्या पायांवर चालल्यासारखा चालायचो. पण खेळ जमला, नाव झालं, आणि एका पावसाळी दुपारी छावणीतल्या गोऱ्या पलटणीशी आमचा सामना लागला. त्या सामन्यात आमच्या गोलकीपरचा खांदा निखळला. तो चिखलात पडून ओरडत होता, आणि आम्ही दहा जण भोवती कडं करून नुसते उभे. तेवढ्यात त्यांच्या बाजूनं एक डॉक्टर हातात पिशवी घेऊन धावत आला. पलटणीचाच होता. त्यानं एका पायातला बूट काढला, चिखलात फतकल मारली, टाच आमच्या गोलकीपरच्या काखेत लावली, हात धरून सावकाश ओढला. खट् असा आवाज झाला. गोलकीपर ओरडायचा थांबला आणि चकित होऊन आपल्या हाताकडे बघायला लागला. डॉक्टरनं बूट चढवला आणि आला तसा धावत गेला.

एवढंच बघितलं मी. पण पाऊस, चिखल, धावत येणारा माणूस आणि पायानंही दुखणं बरं करता येतं ही गोष्ट, या सगळ्यांनी माझं काम केलं. मला डॉक्टर व्हायचं होतं, पण खुर्चीवर बसणारा नव्हे. पिशवी घेऊन मैदानात धावणारा, लष्करातला.

सुट्टीत घरी आलो तेव्हा कापणी चालू होती. दुपारच्या भाकरीला आम्ही बांधावर बसलो होतो. मी खंडूला सगळं सांगितलं, त्याच्या उजवीकडे बसून. त्यानं भाकरीचा घास तसाच हातात धरून ऐकलं. मग म्हणाला, "मग मी बी तुज्यासंगं येतो, गुलब्या. तू हाडं बशिव, मी मानसं उचलून आनतो. पळायला तर मीच लागनार की."

मी म्हटलं, "ठरलं."

"ठरलं म्हंजे ठरलं. मागनं न्हाई म्हनायचं न्हाई."

अशी वचनं त्या वयात रोज दिली जातात, पेंढ्या बांधता बांधता. बहुतेक लोक ती विसरतात. खंडू विसरणारा नव्हता, आणि मीही विसरलो नव्हतो, हीच तर अडचण आहे.

मेडिकलच्या शाळेत मी चार वर्षं काढली. शेवटच्या वर्षी एका अंतिम सामन्यात उजवा गुडघा पिरगळला. आत काहीतरी सटकलं, ते परत कधी नीट जागेवर बसलं नाही. सरळ चालायला त्रास नाही, जिने चढायला नाही, फक्त अचानक वळलो की पाय दगा देतो. मी त्याचा बोभाटा केला नाही. काही वर्षं साधी प्रॅक्टिस केली. मग लढाई सुरू झाली, लष्कराला डॉक्टर हवे होते, आणि मी अर्ज केला.

माझी तपासणी एका गोऱ्या अधिकाऱ्यानं केली. मोठा हसतमुख माणूस. सगळं झालं होतं, छाती, डोळे, पोट. शिक्का उचलला होता त्यानं. आणि माझ्या पोटऱ्यांकडे बघून म्हणाला, "खेळाडू दिसता." बस्स. तिथं गप्प बसायचं की नाही? कुणीही शहाणा माणूस हो म्हणून मोकळा झाला असता. पण समोरच्यानं फुटबॉलचं नाव काढलं आणि मी आपला सामना सांगितला नाही, असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. मी त्याला अख्खा अंतिम सामना सांगितला. पहिला गोल, दुसरा गोल, आणि शेवटची दहा मिनिटं पिरगळलेल्या गुडघ्यावर कसा खेळलो तेही. तो अगदी रंगून ऐकत होता. मग त्यानं शिक्का खाली ठेवला, मला टेबलावर निजवलं, गुडघ्यावर हात ठेवून पाय असा वळवला की मी ओरडून उठून बसलो. तो खरोखर हळहळला. "फार चांगला सामना," म्हणाला, आणि लिहिलं की या माणसाला आघाडीवर पाठवू नये.

फुटबॉलनं मला दारापर्यंत नेलं आणि फुटबॉलनंच दार लावून घेतलं. दोष कुणाला देऊ? स्वतःच्या जिभेला देतो. रोज देतो.

मला गणवेश मिळाला, खांद्यावर तारे मिळाले, आणि बसायला एक टेबल मिळालं. माझं काम भरतीला आलेल्यांची तपासणी. जन्मात ज्याला खुर्ची नको होती त्याला सरकारनं खुर्ची दिली, तीही हातांची. गावोगावी तंबू पडायचा, रांग लागायची, आणि मी बसल्या जागेवरून छात्या ठोकायचो, पापण्या उलट्या करायचो, पाय बघायचो. पाय तर इतके बघितले की पुढं पुढं मी तोंडाकडे बघायचंच सोडून दिलं. मावळच्या पोरांचे पाय रुंद, बोटं पसरलेली, चिखलात घट्ट रोवून उभं राहायला बनलेली. सरकारी बुटात ती मावायची नाहीत. बुटांचा कारकून माझ्यावर वैतागायचा, जसे काही ते पाय मीच घडवले होते. माझ्या हाताखालून माणसं निघून जायची, बोटीनं, आगगाडीनं, ब्रह्मदेशाच्या बाजूला, कुठं कुठं. मी तिथंच. मी आघाडीवर पाठवा म्हणून अर्ज करायचो, तो परत यायचा. पुन्हा करायचो, पुन्हा यायचा. तोच शेरा, तोच गुडघा.

एका सालच्या कापणीत आमचा तंबू वडगावला आला. मामलेदार कचेरीच्या आवारात, बाजाराच्या दिवशी. समोरच्या रस्त्यानं भाताच्या गाड्या चाललेल्या, त्यांचा पेंढा गळून कचेरीच्या पायरीपर्यंत आलेला. वारा सुटला होता, म्हणून टेबलावरच्या कागदांवर इंद्रायणीतले दोन गोटे ठेवले होते. सकाळच्या टपालानं माझा तिसरा अर्ज परत आला होता. तो चार घड्या घालून मी खिशात ठेवला होता आणि प्रत्येक माणसाच्या छातीवर बोटं ठोकताना तो खिशात कडकड वाजत होता.

दुपारी रांगेत खंडू दिसला. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मागचे दोघंतिघंही हसले. टेबलापाशी आला. माझ्या शेजारचा हवालदार नाव विचारायला लागला तेव्हा तो माझ्याकडे बघत म्हणाला, "खंडू. गाव औंढे. ह्या डाक्टरसायबांना म्हाईत हाय." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला साहेब म्हटलं. माझा मान ठेवत होता.

"कशात जायचंय?" हवालदारानं विचारलं.

"जखमी मानसं उचलायच्या कामात. ठरलंय ते."

"कुणाशी ठरलंय?"

खंडू माझ्याकडे बघून हसला.

त्याच्या घरी तीन स्थळं येऊन परत गेली होती, कानाचं कळल्यावर. हे मला माहीत होतं. त्याच्या आईनंच सांगितलं होतं, आणि हेही की खाकी कपडे चढवून आला तर चौथं परत जाणार नाही असं त्याच्या मनानं घेतलंय. म्हणजे तो कशासाठी आला होता हे त्या आवारात एकट्या मला पुरतं ठाऊक होतं.

छाती उत्तम. डोळे उत्तम. पाय तर मी डोळे मिटून ओळखले असते. मग कान. दहा पावलांवर उभं करायचं, एक कान हातानं बंद, आणि दुसऱ्या कानाच्या बाजूनं मी हळू आवाजात शब्द बोलायचे, त्यानं ते परत म्हणायचे, नजर समोर. खंडू न सांगता उजवा कान माझ्याकडे करून उभा राहिला. मी पुटपुटलो, बैल, पूल, चाळीस. त्यानं शाळेतल्या पोरासारखे खणखणीत परत म्हटले.

"दुसरा कान, साहेब," हवालदार म्हणाला आणि पुढच्याचं नाव लिहायला खाली वाकला.

मी हातानं खूण केली. खंडू वळला. उजव्या कानावर तळहात दाबून धरला. मी शब्द बोललो. तो गप्प. मी परत बोललो. तो गप्पच. मग त्यानं हळूच मान खाली घातली आणि आपल्या पायांपुढच्या जमिनीकडे बघायला लागला.

तो ढेकळाची वाट बघत होता.

माझा हात कागदांवरच्या गोट्यावर होता. हवालदाराचं डोकं खाली होतं. तो गोटा नुसता ढकलला असता तरी टेबलावरून पडून गडगडत त्याच्या पायाशी गेला असता. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं असतं, मी तेच तीन शब्द ओठांनी म्हटले असते, आणि काम झालं असतं. सात वर्षं मी तेच केलं होतं. खिशात कागद कडकडला. मी तिसऱ्यांदा शब्द पुटपुटलो, नियमाप्रमाणे, नियमाएवढ्याच आवाजात. तो पायाशीच बघत राहिला. मी लिहिलं, अपात्र, डावा कान.

हवालदारानं मोठ्यानं वाचून दाखवलं. खंडूनं कानावरचा हात काढला. माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे, नुसतं, ऐनवेळी मी कुठं गेलो हे शोधल्यासारखं. "बरं, डाक्टरसायेब," म्हणाला. सदरा उचलला आणि गाड्यांमधून वाट काढत स्टेशनाकडे गेला.

पुढच्या रविवारी मी विळा घेऊन औंढ्याला गेलो. इतक्या वर्षांत सावड मी चुकवली नव्हती, शिकत असतानाही नाही. गेलो तर खाचर कापून झालेलं, भारे खळ्यावर गेलेले. मला निरोपच नव्हता. आबा खळ्यावर भात झोडपत होते. ते म्हणाले, "आटोपलं औंदा लवकर. पोरं आलती." एवढंच. चहा पाजला त्यांनी. खंडू कुठं विचारलं तर म्हणाले, "गेलाय घाटाखाली, काई काम हाय म्हनला." विळा तसाच कोरडा घेऊन मी परत आलो.

महिन्याभरानं खंडूची आई बाजारात भेटली. मी तिला मावशी म्हणतो. मला बघून ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि आनंद लपवावा की नाही अशा चेहऱ्यानं म्हणाली, "लागला बग खंडू लढाईत. जखमी उचलायला."

मी म्हटलं, "पण मावशी, कान?"

"कुनाला न्हाई कळलं बाबा. घाटाखाली कुटंतरी जुन्या गुदामात भरती व्हती म्हनं. लय गर्दी. येकेकाला भिंतीला लावून हुबं करत व्हते. ह्याच्या डावीकडं भिंत व्हती, मग डाक्टर काय भिंतीतनं बोलनार? उजवीकडनंच इचारलं दोन्ही येळा, हात कुटल्या कानावर हाय ते बी न बगता." आणि हसली. "नशीब बग येकेकाचं."

नशीब नव्हे, मावशी. नुसती भिंत. एवढंच लागत होतं त्याला, डाव्या हाताला काहीतरी आडोसा, मातीचा, विटांचा, कसलाही. सात वर्षं मी तो देत होतो, त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत होतो, आणि ज्या दिवशी खरी गरज लागली त्या दिवशी एका अनोळखी गोदामानं तो दिला. हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या पिशवीतून चार कोथिंबिरीच्या काड्या पडल्या होत्या, त्या उचलून दिल्या आणि घराकडे वळलो.

खंडू ब्रह्मदेशाच्या जंगलात गेला आणि माणसं उचलत राहिला. किती, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. लढाई संपल्यावर परत आला तो हातापायानं धड, पण शेवटच्या दिवसांत एक तोफगोळा जवळ फुटला आणि उजवा कानही गेला. आता त्याला काहीच ऐकू येत नाही. लग्न झालं, चौथं स्थळ परत गेलं नाही. त्याच्या बायकोनं हातवाऱ्यांची भाषा अशी बसवली आहे की दोघं अंगणात भांडतातसुद्धा.

म्हणजे बघा, डॉक्टर म्हणून मी बरोबर होतो. एकाच कानाचा माणूस तोफांपुढे पाठवू नये, उरलेलाही जातो, म्हणूनच तो नियम आहे. हे कुणालाही पटवून देता येईल. मी स्वतःला दर कार्तिकात पटवून देतो. आणि दर कार्तिकात तिथंच अडतो, कारण त्या दुपारी मी नियमाचा विचार करत नव्हतो. मला जे मिळत नव्हतं ते त्याला मिळू नये, असं मला वाटलं. माझा गुडघा खरं बोलून अडकला, मग याचा कान खोटं बोलून का सुटावा? असं, इतकं हलकं. घडी घातलेल्या एका कागदाचा राग मी माझ्या मित्रावर काढला आणि त्यावर सरकारी सही केली. ही गोष्ट सांगायला माणूस एकच, आणि त्याला ऐकू येत नाही.

तो माझ्या दवाखान्यात कधी आला नाही. मावशीचा ताप असो, पोराचा खोकला असो, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. बाजारात समोर आलोच तर "बरं हाय का, डाक्टरसायेब," म्हणतो, बहिऱ्यांच्या मोठ्या आवाजात, आणि उत्तराची वाट न बघता चालू लागतो. तीन कापण्या अशा गेल्या. दरवर्षी मी औंढ्याच्या वेशीवरच्या चिंचेपर्यंत जातो आणि गुडघा दुखतो म्हणून परत फिरतो.

यंदा चिंचेपाशी पोचलो तर पलीकडून पोरांचा गलका ऐकू आला. कुतूहलानं पुढं गेलो. तेच खाचर. कापलेलं, फळी फिरवलेलं. त्यात अनवाणी पोरं बॉलमागे धावत होती. हरभरा टाकलेला नव्हता. आबा गेल्या वर्षी वारले, म्हणजे हे खंडूचं काम. तो स्वतः बांधावर उभा होता, माझ्याकडे पाठ करून, कमरेवर हात.

मी हाक मारली, "खंडू!" पोरं थांबून माझ्याकडे बघायला लागली. तो वळला नाही. कसा वळणार? माझा मलाच संताप आला. सगळा जन्म ज्याच्यासाठी युक्त्या काढण्यात घालवला त्यालाच हाक मारत उभा राहिलो.

मग वाकलो. गुडघ्यानं शिवी दिली. बुडख्याच्या मुळ्या अडकलेलं एक ढेकूळ उपटून काढलं आणि फेकलं. ते अलीकडेच पडलं. पोरं हसली. दुसरं उचललं, पुन्हा वाकलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते गुडघ्याचंच असं धरून चालू. या खेपेला नेम बसला. ढेकूळ त्याच्या पायाशी जाऊन फुटलं.

खंडूनं खाली बघितलं. पायाच्या अंगठ्यानं ती माती कुस्करली. मग सावकाश मान वर करून वळला.

"लय येळ लावलास, गुलब्या," तो म्हणाला. इतक्या मोठ्यानं, की अख्ख्या खाचराला ऐकू गेलं.

इतक्या वर्षांत जुळवून ठेवलेलं सगळं तसंच ठेवून मी बांधाकडे चालत गेलो. नुसती मान हलवली. तो थोडा सरकला आणि बांधावर जागा केली. मी सवयीनं त्याच्या उजवीकडे निघालो होतो, मध्येच थांबलो; तो कानही आता गेलेला. आणि फिरून त्याच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो.